बोटींचं लाटणं

आमच्या घरमालकांच्या स्वयंपाकघरात दोन लाटणी होती. एक पोळ्यांचं आणि एक बोटींचं. बोटींचं लाटणं खिडकीशेजारच्या खिळ्याला दोरीनं टांगलेलं असे. मी भाडेकरू म्हणून नवी होते तेव्हा एकदा काकूंना मदत करायला गेले आणि नेमकं तेच हातात घेतलं. दारातून घरमालकांचा, म्हणजे काकांचा, आवाज आला, "अहो विदर्भ, ठेवा ते! ते खाण्याच्या कामाचं नाही."

मी वर्ध्याची. शिकून पुण्यात आले आणि सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या नोकरीला लागले. सिंहगड रस्त्यावर खोली शोधत होते तेव्हा काकांनी माझं नाव, गाव, कंपनी सगळं विचारून घेतलं, आणि त्यानंतर शेवटपर्यंत मला 'विदर्भ' म्हणाले. तेही अहो-जाहो करून. वयानं मी त्यांच्या मुलीएवढी असेन, पण त्यांना मूलबाळ नव्हतं आणि एकेरी हाक मारायची सवय बायकोसाठीसुद्धा नव्हती.

खोली दाखवताना मालक खोलीचं कौतुक करतो, अशी माझी भाबडी समजूत. काकांनी बोटाच्या पेरानं भिंत वाजवली. "इथं प्लास्टर सुटलंय. इथं पोकळ आहे. ही खिडकी पावसाळ्यात लागत नाही आणि उन्हाळ्यात उघडत नाही. पाणी सकाळी येतं, तेही त्याच्या मर्जीनं. पटलं तर राहा, नाहीतर पुण्यात खोल्या पुष्कळ आहेत." मनात म्हटलं, अरे बाप्पा, हा माणूस खोली भाड्यानं देऊन राहिला की हाकलून देऊन राहिला? मी राहिले ती खालून येणाऱ्या फोडणीच्या वासासाठी आणि मागे उभ्या असलेल्या काकू तोंडावर पदर धरून हसत होत्या त्यासाठी.

काका पूर्वी फायबरच्या टाक्या आणि लहान बोटी बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. बाहेरचा माल यायला लागला, कारखाना आचके देत बंद पडला, आणि काका पन्नाशी गाठायच्या आत घरी बसले. माणूस घरी बसला, पण तपासणी काही बसली नाही. मार्केट यार्डात ते कलिंगड असं वाजवत की हमाल थांबून बघत. पुतणीला बघायला आलेल्या मुलाच्या वडिलांना त्यांनी चहाच्या आधी विचारलं होतं, "कुठं आपटलंय का? जोडलंय का कुठं?" मुलाचा हात लहानपणी मोडला होता हे निघालंच. काकूंनी विषय बदलला नसता तर ते लग्न तिथंच मोडलं असतं.

आणि मग शहरात पैसा आला. माझ्यासारख्यांच्या साहेबांनी खडकवासल्याच्या वर, पानशेतच्या अंगाला पाण्याकाठी जागा घेतल्या. जागा झाली की बंगला, बंगला झाला की बोट. नवी परवडत नाही किंवा हौस किती टिकेल याची खात्री नाही, म्हणून जुनी. जुनी बोट बघायची तर सोबत काका हवेत, हे कसं कोण जाणे सगळीकडे पसरलं होतं. रविवारी सकाळी दारात गाडी उभी राही, काका खिळ्यावरून लाटणं काढत आणि निघत. पैसे कधीच घेत नसत. म्हणत, "पैसे घेतले की गोड बोलावं लागतं. मला गोड मना आहे."

एकदा माझ्याच साहेबांना बोट घ्यायची होती आणि मध्यस्थ म्हणून मला जावं लागलं. बोट कुठं? तर मांजरी गावात, उसाच्या कडेला. मालक शेतकरी गडी. जमिनीचा तुकडा बिल्डरला दिल्यावर हौसेनं बोट घेऊन बसले होते. ती गोठ्यामागे दोन दगडांवर ठेवलेली, वर फाटकी ताडपत्री, आत कोंबड्या.

"नवीच हाय," मालक म्हणाले. "पान्यात घातलीच न्हाय, तर फुटंल कशी?"

 काका उकिडवे बसले, बोटीच्या पोटाला गाल लावून उन्हाकडे बघत राहिले. पृष्ठभाग कुठं दबलाय, कुठं लाट आलीये, हे असं तिरपं बघितलं की कळतं, हे मी त्या दिवशी शिकले. मग लाटणं निघालं. टण, टण, टण. पुढून मागे, एक वीत सोडून एक वीत. माठ घेताना बायका वाजवतात ना, तसंच ते. आवाज टणटणीत आला की पुढे. दगडांवर टेकलेल्या जागी आवाज बदलला. बद्द.

"ऐकलंत, विदर्भ?"

"पोकळ आहे?"

"असेल. किंवा कुणी जोडलं असेल आणि थर जाड झाला असेल. पोकळ जागाही बद्द बोलते आणि जाड जागाही. फरक असतो, पण तो कान वीस वर्षं झिजल्यावर कळतो. म्हणून कानावर जायचं नाही. तळाची फळी उचलायची आणि आतून बघायचं. आतून बघितल्याशिवाय तोंड उघडलं, तर लाटण्याचा उपयोग पोळ्यांनाच करावा."

फळी उचलली. खाली काही पावसाळ्यांचं पाणी साचून हिरवं झालेलं. दगडांच्या टोकाशी पोटाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा गेल्या होत्या. इंजिन टांगायची मागची बाजू बाहेरून चकचकीत फायबर होती, पण आत लाकूड असतं. काकांनी तिथला एक स्क्रू काढून भोकात दाभण घातलं, तर ते भिजल्या पावात जावं तसं गेलं. पोटावर दोन-चार फोड होते. एक टोचला, बोटावर पाणी घेतलं आणि नाकाशी धरलं. "आंबट. पाणी आत मुरलंय."

मालकाचा चेहरा पडला. "आवो पन पान्यात घातलीच न्हाय!"

"घातली असती तर निदान कुणी लक्ष दिलं असतं. ही बसून बसून गेली." काका साहेबांकडे वळले. "नका घेऊ."

साहेब चिडले. इतक्या लांब आलो, उन्हात उभे राहिलो. म्हणाले, "काका, काहीतरी चांगलं सांगा की."

"कोंबड्या चांगल्या आहेत," काका म्हणाले, आणि लाटणं पुसायला लागले.

त्यांच्याकडे निकाल दोनच. 'नका घेऊ' आणि 'तुमचं तुम्ही बघा'. दुसरा मिळाला की लोक पेढे वाटत. 'चालेल' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. साधी भाजी कशी झालीय विचारलं तरी म्हणत, "मीठ बरोबर आहे." काकू म्हणायच्या, "चाळीस वर्षांत मला मिठाचंच सर्टिफिकेट मिळालंय हो."

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण तिचा अर्थ लावायचं डोक्यात आलं नाही. घेतलेली बोट पाण्यात सोडायच्या दिवशी लोक काकांना आग्रहानं बोलवत. नारळ फोडायला, पहिली फेरी मारायला. काका कधी गेले नाहीत. "बोट पाण्यात पडली की माझं काम संपलं," एवढंच.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांच्यासाठी सुरू होतं. काकूंचं माहेर पानशेतच्या पाण्याखाली आहे. त्या लहान असताना धरण झालं, गाव उठलं, माणसांना दौंडकडे जमिनी मिळाल्या. देवीलाही तिकडे नेलं, देऊळही बांधलं. पण काकू म्हणायच्या, देवी नेली तरी तिचं ठाणं खालीच राहिलं. आई त्यांना सांगून गेली होती, लग्न झाल्यावर पहिली ओटी माहेरच्या देवीची, आपल्या घरासमोरच्या तिच्या ठाण्यावर. ती भरायची राहिली. "लोक देव पाण्यात घालून बसतात," काकू हसत म्हणायच्या, "आमचा सरकारनंच घातला."

लग्न ठरलं तेव्हा काकांनी शब्द दिला होता. मी बोटी बनवणाऱ्या कारखान्यात आहे, आपली स्वतःची बोट घेऊ आणि तुम्हाला तुमच्या घरावर नेऊ. भाड्याच्या बोटी पुष्कळ होत्या, पण त्यांत बसायला काकांची परवानगी नव्हती. त्यांनी त्या सगळ्या वाजवून नापास केल्या होत्या. दरवर्षी एक-दोन बोटी स्वतःसाठी म्हणून बघितल्या जात. काकू दरवर्षी खण नवा काढून ठेवत. मला कपाटातली खणांची चळत त्यांनी दाखवली होती. एकावर एक, वेगवेगळ्या रंगांचे, सगळे कोरे.

मग एक बोट खरंच चांगली निघाली. शहरातल्या एका डॉक्टरांची होती, पानशेतच्या काठावरच ठेवलेली. डॉक्टर परदेशातल्या मुलाकडे निघाले होते. सांभाळायला काठावरच्या गावातला एक माणूस होता. काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदाच 'मीपण येते' म्हटलं आणि मलाही गाडीत बसवलं. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. मी काही विचारलं नाही, पण वर आलेली नारळाची शेंडी दिसत होती.

काकांनी बोट उलटसुलट बघितली. फोड नाहीत. मागची बाजू सुकी. रंग जुना, म्हणजे काही झाकलेलं नाही; नवा रंग म्हणजे जुनं दुखणं, असं ते म्हणत. टण, टण, टण. काकू जरा लांब एका दगडावर बसून ऐकत होत्या. प्रत्येक टणला त्यांचं तोंड उजळत होतं, खोटं नाही सांगत. उजव्या अंगाला, पाण्याच्या रेषेखाली, तळहाताएवढ्या जागी लाटणं पडलं. बद्द.

काकांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा बद्द.

"तिथं डॉक्टरांनी जोडून घेतलंय," तो माणूस म्हणाला. "खडकाला घासली व्हती. फळी काढू का? आतनं बघा की." त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर तयारच होता.

"नको," काका म्हणाले. "जोडलेली आहे. नको."

काकू उठून आल्या. "अहो, आपल्याला काय समुद्रात जायचंय?"

"तिथं पाणी खोल आहे."

"माझं घर आहे तिथं खाली," काकू म्हणाल्या. "किती खोल आहे ते मला माहीत आहे."

काका लाटणं पुसत राहिले. काकू गाडीत जाऊन बसल्या. परतताना खडकवासल्याला गाडी थांबवून काकांनी सगळ्यांना मक्याची कणसं घेतली, तीही कुणी खाल्ली नाहीत. दुसऱ्या दिवशी काकूंनी तो नारळ फोडून करंज्या केल्या आणि चार मला वर आणून दिल्या. "देवीचा होता, वाया कशाला घालवायचा," म्हणाल्या. करंज्या छानच झाल्या होत्या.

मी काकांशी भांडले. म्हटलं, काका, आमच्या कामात चुका शून्य होईपर्यंत थांबलो तर काहीच बाहेर पडणार नाही. कोणती चूक राहिलीये, ती किती वाईट आहे, हे बघतो, लिहून देतो आणि माल पाठवतो. काका म्हणाले, "म्हणूनच तुमच्या बँकेचं मशीन कार्ड गिळतं." पुण्याच्या माणसाशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय?

पुढे माझं लग्न झालं, खराडीला घर झालं, मग कंपनीनं दोघांनाही परदेशी पाठवलं. काकूंचा फोन यायचा. त्या बोटीबद्दल कधी बोलल्या नाहीत. माहेरच्या घराबद्दल मात्र बोलायच्या. उंबऱ्याला मधे खळगा पडला होता, त्यात त्या पावसाळ्यात कागदाची होडी सोडत. मागच्या दारी रायआवळा होता. जातं बसवलेला कोपरा पहाटेसुद्धा उबदार असे. एकदा काकांचाच फोन आला. "विदर्भ, काकू गेल्या," म्हणाले. हृदयाचं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. एवढं सांगून म्हणाले, "तिकडे थंडी असेल, जपा," आणि फोन ठेवला. मी परक्या देशातल्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले आणि मोठ्यानं रडले.

आम्ही परत आल्यावर एका सकाळी काका खराडीच्या घरी आले. दोन बस बदलून आले होते. हातात तीच कापडी पिशवी. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "ओटी पुरुषानं भरायची नसते म्हणे. तुम्ही सवाष्ण आहात. याल का?"

काठावर तोच माणूस होता. डॉक्टरांची बोट त्यानंच ठेवून घेतली होती. पलीकडच्या वाडीतली माणसं, चारा, मास्तर, एकदा तर अख्खं वऱ्हाड तिच्यातून गेलं होतं. "लई गुणाची हाय," तो म्हणाला. काकांनी पिशवीतून लाटणं काढलं. तो हसला आणि बोट ओढून वर घेतली. उजव्या अंगाला काका बरोबर त्या जागी बसले. बद्द. तसाच आवाज, तेवढीच जागा. बोटभरही वाढली नव्हती.

"फळी काढा," काका म्हणाले.

आत ठिगळ होतं. सुकं, गुळगुळीत, बाकीच्या पोटापेक्षा चांगलं जाड. काकांनी त्यावरून हात फिरवला.

"मजबूत आहे," मी म्हटलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," काका म्हणाले. "पोकळीचा आवाज मला झोपेत ओळखता येतो. हा जाडीचा होता. फळी काढली असती तर दिसलं असतं, म्हणून काढू दिली नाही."

"मग? काहून असं केलं, काका?" माझी वर्ध्याची भाषा वर आली.

"मला पाण्याची भीती वाटते," काका म्हणाले. मधुमेह आहे असं सांगावं तसं सांगितलं. "लहानपणापासून. घोट्याच्या वर पाणी आलं की छाती आवळते. लग्नात शब्द देऊन बसलो आणि मग सांगायची लाज वाटली. बोटींना नावं ठेवली की भागत होतं."

मला राग आला. काकूंचे ते खण आठवून डोकं फिरलं. वय, मान काही न बघता मी म्हटलं, "अहो, त्यांना सांगायचं ना! त्या एकट्या गेल्या असत्या. मी नेलं असतं त्यांना!"

"हो," काका म्हणाले. "हसली असती आणि गेली असती."

 मला रागसुद्धा धरता येईना.

बोट पाण्यात ढकलली. काका चढले तेव्हा त्या माणसानं त्यांना काखेत धरून बसवलं. त्यांनी दोन्ही हातांनी कड घट्ट धरली, डोळे मिटले. इंजिन सुरू झालं. किनारा लांब गेला तसे ते हळूहळू डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागले, पाण्याकडे नाही. मधोमध आल्यावर त्या माणसानं वेग कमी केला.

"गाव हितनं त्या डोंगराच्या सोंडेपातुर व्हतं म्हणत्यात. काकूंचं घर कुठल्या अंगाला?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "विदर्भ, तुम्हाला बोलली होती का कधी? घर नेमकं कुठं होतं?"

मी आठवायला लागले. उंबऱ्याचा खळगा. रायआवळा. जात्याचा कोपरा. घराच्या आतलं सगळं मला माहीत होतं. पण घर कुठं होतं, कुठल्या डोंगराच्या समोर, हे काकूंनी कधी सांगितलं नव्हतं. इथं आल्यावर त्या बोट करून दाखवणार होत्या.

"नाही काका," मी म्हटलं.

"मीही कधी विचारलं नाही," काका म्हणाले. "विचारलं असतं तर यावं लागलं असतं."

त्या माणसानं बोट सोंडेकडे नेली. काकांनी 'नाही' अशी मान हलवली. मग उलट्या अंगाला नेली. काका पाण्याकडे बघत होते, पहिल्यांदाच, वाकून. सगळीकडे सारखंच पाणी. वाजवून बघण्यासारखं काही नव्हतं. पुन्हा मान हलली. असं बराच वेळ चाललं. मग त्या माणसानं इंजिन बंद केलं. ऊन डोक्यावर आलं होतं.

काकांनी पिशवी माझ्या हातात दिली. आत खणांची ती अख्खी चळत होती, वर तांदूळ आणि नारळ.

"इथं चालेल," काका म्हणाले.

मी हळदीकुंकू वाहिलं आणि एकेक खण पाण्यावर सोडला, मग तांदूळ, मग नारळ. खण आधी पसरले, रंग गडद झाले आणि एकामागून एक खाली गेले. नारळ बुडाला नाही. तो बोटीच्या बाजूनं तरंगत राहिला. काका कडेवरचा एक हात सोडून त्याच्याकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, "चालेल ना, विदर्भ?"

मी 'हो' म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?